तास्तोबेच्या भोरड्यांचं नॉर्मल

बातिमाला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत, हिमोग्लोबिनने राहत. बाजारात कुणी हाक मारली की ती क्षणभर नुसती बघत राहायची आणि मग एकदम ओळख पटायची. "हां, नऊ पॉइंट दोन! लोहाच्या गोळ्या घेतेस ना गं?" समोरची बाई चारचौघांत ओशाळी व्हायची. पण तालुक्याच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं लॅब सांभाळलेल्या बाईला कोण काय बोलणार? गावातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बोटाला तिने एकदा तरी टोचलं होतं. काहींच्या बापांच्याही.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या वसंतात वरून हुकूम आला की तालुक्याची लॅब बंद. रक्त आता शहरात जाणार, एकशे चाळीस किलोमीटर, बसने.

"रक्त बसने गेलं तर उतरेपर्यंत दुसऱ्याच कुणाचं तरी झालेलं असतं," बातिमा मोठ्या डॉक्टरांना म्हणाली.

"हुकूम आहे, बातिमा."

"हुकमाला रक्तातलं काय कळतं?"

डॉक्टरांनी फक्त सांगितलं की जुनं सामान कुणी न्यायला येणार नाहीये, आणि आपण दुपारभर खोलीत नसू. त्या दुपारी बातिमाने हातगाडीवरून रक्तातले घटक मोजायचा फोटोमीटर, हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप, औषधांच्या बाटल्या आणि एकोणीस रजिस्टरं घरी आणली. रजिस्टरं तर आणणं भागच होतं. दवाखान्यात कोळसा आला नाही की कागद शेगडीत जात, आणि गेल्या हिवाळ्यात एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल तसंच जळून गेलं होतं.

तिचा नवरा सेइतकाली रेल्वेत सिग्नलच्या तारा जोडायचा. आता घरी असायचा. त्याला साखर होती. बायको घरी बसल्यापासून दिवसातून तीनदा त्याच्या बोटाला सुई लागू लागली. तिसऱ्या आठवड्यात त्याने दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरले.

"मोजून घे. दहाच आहेत. तुला नवरा नकोय, पेशंट हवाय."

"दोन्ही एकातच मिळालंय ना, मग तक्रार कसली?" बातिमा म्हणाली आणि अंगठा निवडला.

मे महिन्याच्या मध्यावर दारात एक जीप थांबली. आतून एक तिशीची मुलगी उतरली, उन्हाने नाक सोललेलं. नाव सल्तनत. सल्तनतीच्या नावाखाली ही खटारा जीप, बारा जाळ्या आणि अल्माटीच्या संस्थेचं एक पत्र एवढंच होतं. तिच्याबरोबर यायचा लॅबवाला सहा महिने पगार न झाल्यामुळे बाजारात बूट विकायला बसला होता. दवाखान्यातून तिला बातिमाचा पत्ता मिळाला.

"आपा, रक्त तपासून हवंय."

"बोट पुढे कर."

"माझं नाही. भोरड्यांचं."

बातिमाने तिला आत घेतलं, चहा ओतला, तळलेल्या बाउर्साकची ताटली पुढे सरकवली आणि मगच विचारलं, "आजारी आहेत का?"

"नाही. ठणठणीत आहेत."

"मग तपासायचं कशाला?"

"ठणठणीत म्हणजे किती, हेच कुणाला माहीत नाही."

बातिमाने किटली खाली ठेवली. अठ्ठावीस वर्षांत एकाही डॉक्टरने तिला तपासणीचं इतकं सरळ कारण दिलं नव्हतं.

सल्तनत सांगत गेली. तास्तोबे टेकडीच्या बंद पडलेल्या खाणीत, दगडांच्या ढिगाऱ्यांत, दरवर्षी हजारो भोरड्या घरटी करतात. टोळ खातात, पिल्लं वाढवतात, जुलैत उडून हिंदुस्थानात जातात. पक्षी आजार लपवतो. थव्यात जरा कुणी लंगडा दिसला की ससाणा नेमका त्यालाच उचलतो, म्हणून मरेपर्यंत धट्टाकट्टा असल्याचं सोंग आणतो. बाहेरून बघून काही कळत नाही. रक्ताला मात्र सोंग आणता येत नाही. आज शंभर निरोगी पक्ष्यांचं रक्त मोजून ठेवलं, तर उद्या काही बिघडलं की बिघाड ओळखता येईल.

"लपवतात म्हणतेस?" बातिमाने खिडकीजवळ बसलेल्या सेइतकालीकडे पाहिलं. "आमच्याकडेही आहे एक. परवा गादीखाली मुरंब्याची बरणी सापडली."

"ससाण्याच्या भीतीने," सेइतकाली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या आठ नळ्या आल्या. सत्तर-ऐंशी ग्रॅमचा पक्षी, त्याच्या पंखाखालच्या शिरेतून वीस थेंबही घ्यायचे नाहीत, सात-आठच. बातिमाने एक थेंब काचेवर ओढला, रंगवला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि अर्धा तास उठली नाही. माणसाच्या तांबड्या पेशी रिकाम्या वाट्यांसारख्या असतात. या लांबट होत्या आणि प्रत्येकीत मधोमध बी होतं, जर्दाळूत असतं तसं.

"सगळ्यांत बिया आहेत," ती शेवटी म्हणाली. "माणसात असं दिसलं असतं तर मी चप्पल न घालता डॉक्टरांकडे पळाले असते."

"पक्ष्यांत तसंच असतं, आपा."

"असेल. आधी सांगायचं ना."

मग साखर मोजली. तीनशे चाळीस. बातिमाने पुन्हा मोजली. तीनशे अडतीस.

"हा पक्षी बेशुद्ध पडलेला असणार."

"बेशुद्ध? तासापूर्वी माझा अंगठा फोडला त्याने," सल्तनतने पट्टी बांधलेला अंगठा दाखवला.

सेइतकाली उठून जवळ आला. "तीनशे चाळीस, आणि उडतोय! बघ! उगीच माझ्या मागे लागतेस."

"तुम्हीही उडून दाखवा. मग बोलू."

त्या दिवशी बातिमाने नवं रजिस्टर काढलं. रकाने दवाखान्याचेच ठेवले, कारण दुसरे कुठले असतात हे तिला माहीत नव्हतं. नाव: इथे सल्तनतने पायात घातलेल्या कडीचा नंबर. वय: प्रौढ. पत्ता: तास्तोबे, पूर्वेकडचा ढीग. तक्रार: नाही.

आठवडाभर सुरळीत चाललं. मग एका दुपारी सल्तनतने बावीस नळ्या आणल्या. बातिमाने त्या फिरवल्या आणि उजेडात धरल्या. वर जे पाणी पिवळसर सुटायला हवं, ते गुलाबी होतं.

"कुठे ठेवल्या होत्यास?"

"जीपमध्ये. चाक पंक्चर झालं."

"उन्हात?"

"दीड तास फक्त."

बातिमाने बावीसच्या बावीस नळ्या मोरीत रिकाम्या केल्या. सल्तनत बघतच राहिली.

"आपा! पहाटे चारला उठून पकडलेत ते पक्षी!"

"हे रक्त नाही, सरबत आहे. पेशी फुटल्यात. यात मी जे मोजेन ते खोटं निघेल, आणि खोटं छान सुवाच्य अक्षरात लिहिलं की लोकांना खरं वाटतं. बावीस पक्ष्यांना विनाकारण टोचलंस तू. माणसं असती तर घरी येऊन भांडली असती."

सल्तनत दार आपटून गेली. तिने अल्माटीला दोन परीक्षांत सुवर्णपदक मिळवलं होतं आणि मोरीसमोर उभं राहून कुणाकडून बोलणी खायची सवय तिला नव्हती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी बातिमानेच सेइतकालीला उठवलं, शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये सगळं सामान चढवलं आणि वीस किलोमीटरवरच्या खाणीत जाऊन उतरली.

"रक्त माझ्याकडे नीट येत नसेल तर मी रक्ताकडे येते," ती सल्तनतला म्हणाली. "सावली कुठे आहे?"

खाणीच्या तोंडाशी जुन्या वजनकाट्याची खोली होती. जाड भिंती, एक खिडकी, आत गारवा. सेइतकालीने रेल्वेच्या जुन्या बॅटऱ्या जोडून फोटोमीटर चालू केला. रेल्वेच्या बॅटऱ्या त्याच्याकडे कशा आल्या हे कुणी विचारलं नाही. फोटोमीटर तिच्याकडे कसा आला, हेही कुणी विचारलं नव्हतं.

तिथून काम खरं सुरू झालं. बाहेर ढिगाऱ्यांवर कलकलाट असा की बोलायचं तर ओरडावं लागे. गुलाबी पाठीच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या एकमेकींवर ओरडत, भांडत, चोचीत टोळ घेऊन फटींत शिरत. सल्तनत पक्षी धरायची, बातिमा टोचायची. माणसांच्या बारीक पोरांवर तयार झालेला हात होता. पंखावर फुंकर घालून पिसं बाजूला करायची, शीर दिसली की सुई, कापसाचा बोळा, मिनिटभर दाबून धरायचं. "झालं हं, झालं," असं ती प्रत्येक भोरडीला म्हणायची, अगदी मोठ्यांदा, तिच्या नकळत.

साखर, युरिक ॲसिड, प्रथिनं, यकृताचं एक, स्नायूंचं एक. दहा जूनपर्यंत एकशे बारा पक्षी झाले. शेवटच्या रकान्यात बातिमा आणखी एक आकडा लिहीत होती. सल्तनतने तो मागितला नव्हता.

"हे काय, आपा? कोलिनएस्टरेज?"

"नस स्नायूला हुकूम देते ना, आखड म्हणून? तो हुकूम पुसणारं द्रव्य आहे हे. सामूहिक शेत होतं तेव्हा दर वसंतात औषध फवारणाऱ्यांची ही तपासणी करायचे मी. फवाऱ्याचं विष नेमकं या पुसणाऱ्यालाच धरतं. हुकूम पुसला गेला नाही की स्नायू थरथरत राहतात, घाम फुटतो, दम लागतो. शेत बुडालं, तपासणीही बुडाली. तपासणीचं औषध उरलं होतं बाटलीत."

"पण यांना कोण फवारतंय?"

"कुणी नाही. रक्त हाताशी आहे, तर करून टाकते."

भोरड्यांचा हा आकडा सरासरी बावन्न येत होता. बातिमाने खाली दोन रेघा मारल्या आणि मधे लिहिलं: नॉर्मल. अठ्ठावीस वर्षं ती दुसऱ्या कुणी ठरवलेल्या नॉर्मलवर माणसं मोजत आली होती. हे पहिलंच होतं जे तिने स्वतः ठरवलं. तिने ते सल्तनतला सांगितलं नाही. सेइतकालीला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं. आता माझंही जरा वर सरकव."

त्या साली टोळ फार. गवत पायाखाली चालतंय असं वाटे. जूनच्या मध्यावर एसिरकेप खाणीत आला. एसिरकेप तालुक्याच्या कीड कचेरीचा साहेब. पूर्वी सामूहिक शेतावर फवारणीच्या टोळीचा मुकादम होता, त्यामुळे बातिमाची त्याची जुनी ओळख. रक्तगट ब.

"गुरुवारी विमान येणार," त्याने सांगितलं. "तीन दिवस जनावरं बाहेर काढायची नाहीत. पायथ्याच्या वस्तीवर सांगितलंय."

"आणि पक्षी?" सल्तनतने विचारलं.

"त्यांना कसं सांगणार, बाई?"

"पण आगाय, हे पक्षी टोळच खातात! चार हजार जोड्या आहेत इथे. दिवसाला पोतीच्या पोती खातात. या टेकडीभोवती तरी फवारू नका!"

"खात असतील. पण पक्ष्यांनी किती खाल्ले याचा अहवाल पाठवता येत नाही. विमानाचा पाठवता येतो." एसिरकेपने टोपी काढून कपाळ पुसलं. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने वाटेतलं घरट्यातून पडलेलं एक पिल्लू उचलून दगडावर ठेवलं.

गुरुवारी विमान आलं. चार फेऱ्या मारून गेलं. शुक्रवारी टोळ मेले, आणि मेलेले, अर्धमेले टोळ भोरड्यांनी चोची भरभरून घरट्यांत नेले. इतकं आयतं खाणं त्यांना त्या मोसमात कधी मिळालं नव्हतं.

शनिवारी सकाळी खाण शांत होती. बातिमा ट्रकमधून उतरली आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकून थबकली. ढिगाऱ्यांवर भोरड्या पंख पसरून बसल्या होत्या. पंखांना कंप, चोचीतून लाळ. काही दगडांवरून घरंगळून खाली आल्या होत्या. फटींत हात घातला की पिल्लं लागत, चोची उघड्या राहिलेल्या. सल्तनत एका धोंड्यावर बसली होती. तिच्या ओंजळीत एक भोरडी होती आणि ती मेलेली आहे हे तिला माहीत होतं.

बातिमा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडून झालं की जाळी लाव."

"आता कशाला, आपा?"

"मेलेल्यांचं रक्त मला उपयोगाचं नाही. जिवंत आहेत त्यांचं हवंय. पायात कडी असलेली सापडली तर ती आधी."

दोन दिवसांत एकोणचाळीस पक्षी मिळाले. त्यातल्या अकरांच्या पायात कडी होती, म्हणजे हे तेच पक्षी, ज्यांचं रक्त फवारणीआधी रजिस्टरात चढलेलं. बातिमाने शेजारी शेजारी आकडे लिहिले. चोपन्न होता तो अठरा. एकोणपन्नास होती ती एकवीस. सरासरी एकोणीस. तक्रारीच्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहायची वेळ आली. तिने लिहिलं: थरथर.

सोमवारी एसिरकेप पुन्हा आला. मागे बुलडोझर होता आणि हातात शिक्क्याचा कागद.

"तालुक्याच्या समितीने ठरवलंय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पक्ष्यांना रोग झालाय. हे हिंदुस्थानातून येतात, तिकडूनच आणला असणार. ढीग सपाट करायचे, वर चुना टाकायचा. पायथ्याच्या वस्तीवरच्या सगळ्या कोंबड्याही मारायच्या."

"रोग?" सल्तनत ओरडली. "तुमच्याच विमानानं—"

"पोरी, थांब," बातिमा म्हणाली. "एसिरकेप, बाहेर ऊन आहे. आत ये. चहा पी."

खोलीत अंधूक उजेड होता. एसिरकेप स्टुलावर बसला. बातिमाने त्याच्यापुढे चहाची वाटी ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिली, चांगलं मिनिटभर. खोलीत अंधार असला की माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. एसिरकेपच्या टाचणीच्या टोकाएवढ्याच होत्या.

"घाम येतो?"

"जून आहे, बातिमा."

"रात्री?"

"येतो."

"डोकं?"

"आठवडाभर ठणकतंय. छाती जड वाटते. वय झालं."

"पिंपं कोण हलवतं?"

"तीन माणसं आहेत. मी नुसता बरोबर असतो, गाडीत. पिंपं मागे असतात." त्याने चहाचा घोट घेतला. "एक जरा गळतं."

"बोट पुढे कर."

"मी बुलडोझर घेऊन आलोय, बातिमा."

"तो कुठे जाणार आहे? बोट पुढे कर."

अठ्ठावीस वर्षं तालुक्यातला एकही माणूस या वाक्याला नाही म्हणू शकला नव्हता. एसिरकेपने बोट दिलं. या तपासणीला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात त्याने तीन वाट्या चहा प्यायला आणि खिशातला कुर्त, वाळवलेल्या दह्याचा खडा, चघळला. बाहेर बुलडोझरचा ड्रायव्हर सावलीत झोपला. सल्तनत दारात उभी राहून नखं खात होती. सेइतकाली बॅटऱ्यांपाशी बसून एसिरकेपशी रेल्वेच्या गोष्टी बोलत होता, कारण कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

बातिमाने आकडा लिहिला. मग पेटीतून जुनं रजिस्टर काढलं, एकोणीसशे सत्त्याऐंशीचं, आणि बोटाला थुंकी लावून पान शोधलं.

"हे बघ. एप्रिल सत्त्याऐंशी. एसिरकेप, फवारणी मुकादम. दोनशे अडतीस. ठणठणीत. आज शहाण्णव."

"म्हणजे?"

"आता हे बघ. भोरड्या. फवारणीआधी बावन्न, नंतर एकोणीस. यांचं आणि तुझं एकच दुखणं आहे." तिने चष्मा काढला. "एसिरकेप, तू हिंदुस्थानात कधी गेला होतास?"

"मी? मी शिमकेंटच्या पलीकडे गेलो नाहीये."

"मग हा रोग तुला कुठून लागला?"

एसिरकेप दोन्ही रजिस्टरांकडे आलटून पालटून बघत बसला. त्याने शिक्क्याचा कागद काढला, वाचला, पुन्हा घडी घातली. मग विचारलं ते वेगळंच.

"त्या तिघांना आणू का? पिंपं हलवणारे?"

"आत्ता आण. आणि काचा उघड्या ठेवून आण. ते गळकं पिंप आधी उतरव."

तिघे दुपारी आले. दोघांचे आकडे साहेबाच्या आसपास होते. तिसरा उंच, हसरा माणूस होता. त्याच्या बायकोला पाचवा महिना चालू होता आणि तो तेच सगळ्यांना सांगत होता. त्याचा आकडा एकसष्ट आला. बातिमाने चिठ्ठी लिहिली आणि त्याला सल्तनतच्या जीपमधून दवाखान्यात पाठवलं. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, लॅब बंद असताना हा आकडा कुठून आला असं विचारलं नाही, आणि विषावरच्या उताऱ्याची सुई टोचली. तो माणूस नऊ दिवसांनी घरी गेला.

एसिरकेप संध्याकाळी परत आला तेव्हा सल्तनत त्याची वाटच बघत होती.

"आता खरं लिहाल ना, आगाय? विषाने मेले म्हणून?"

"लिहिलं तर चौकशी लागेल. चौकशी लागली की समिती म्हणणार, चौकशी होईपर्यंत ढीग सपाट करून ठेवा. ते त्यांना सोपं आहे." त्याने बुलडोझरकडे पाहिलं. "हा बिघडलाय."

"मी चालवत आणलाय," ड्रायव्हर म्हणाला.

"आणलास. मग बिघडला."

अहवालात तेवढंच गेलं. यंत्र नादुरुस्त, काम पुढे ढकललं. कोंबड्यांबद्दल लिहिलं की तपासणी चालू आहे, जे खरंच होतं. बातिमाने वस्तीवरच्या सहा कोंबड्या टोचल्या होत्या आणि त्यांची तब्येत तिच्यापेक्षा चांगली होती. नकाशावर तास्तोबेभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढून एसिरकेपने बाजूला लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव वगळले'. पुढल्या फवारणीला विमान त्या वर्तुळाबाहेरून फिरलं. तांत्रिक कारण काय, हे वरच्यांनी विचारलं नाही. त्या शब्दांचा उपयोगच तो असतो.

पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चार हजार जोड्यांपैकी त्या जुलैत किती पिल्लं उडाली ते सल्तनतने मोजलं. तीनशे दहा. उरलेल्या भोरड्या दहा दिवस आधीच निघून गेल्या. दुसऱ्या वर्षी तिसरा हिस्साच परत आला. बातिमाने त्या वर्षी पहिल्या दिवशी वीस पक्षी टोचले आणि शेवटचा रकाना आधी भरला. एक्कावन्न. ती तो आकडा घेऊन बाहेर आली आणि सल्तनतपुढे धरला. सल्तनतने तिला मिठी मारली, तेव्हा बातिमा म्हणाली, "हात धुतलेस का?"

सल्तनतचा लेख छापून यायला तीन वर्षं लागली. त्यावर दोन नावं होती. संस्थेतल्या एकाने विचारलं, या बाईंची पदवी काय लिहायची? सल्तनतने विचारलं, बावीस नळ्या मोरीत ओतायची पदवी असते का? नाही म्हणाले. मग नुसतं नाव छापलं. बातिमाने लेख बघितला, तक्त्यात एका ठिकाणी दशांश चिन्ह चुकलंय हे दाखवलं आणि सेइतकालीच्या उशाशी ठेवला. त्याने तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. इंग्रजी येत नसल्यामुळे कुणीच त्यात चूक काढू शकलं नाही.

सेइतकाली दोन हजार सहाच्या हिवाळ्यात गेला. मूत्रपिंडं थकली होती. बातिमाला तो दीड वर्ष आधीच रक्तात दिसला होता, जायला निघालेला. तिने त्याला आकडा सांगितला नव्हता आणि त्यानेही विचारला नव्हता. शेवटच्या महिन्यात तिने मुरंब्याची बरणी स्वतःच त्याच्या हातात दिली.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सल्तनत अल्माटीहून आली, भांडी घासायला बसली, आणि निघताना म्हणाली, "आपा, मेमध्ये येणार ना?" बातिमा आली. पुढच्या वर्षीही आली. पाणकोळी झाले, माळावरचे गरुड झाले, एकदा एक हंस, जो सुई लागेपर्यंत शांत होता आणि नंतर नव्हता. तिच्या कपाळावर अजून खूण आहे. प्रत्येक जातीचं नॉर्मल वेगळं असतं, एकाची पट्टी दुसऱ्याला चालत नाही, हे ती नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायची आणि मग त्यांच्या नळ्या उजेडात धरायची. संस्थेत म्हण पडली होती की पीएच.डी. होण्याआधी मोरी व्हावी लागते.

दोन हजार दहाच्या मेमध्ये, तास्तोबेलाच, तिने एका भोरडीच्या पंखावर फुंकर घातली, सुई नेली, आणि शीर चुकली. पुन्हा नेली, पुन्हा चुकली. तिने पक्षी सोडून दिला. दुसरा घेतला, सोडला. तिसरा सल्तनतच्या हातात परत दिला.

"काय झालं, आपा?"

"हात हलतोय."

"दमला असाल. उद्या बघू."

"उद्याही हलेल. वय आहे, उद्या उतरणार नाही." बातिमाने सुईला टोपण लावलं. "टोचायचं बंद. काच वाचेन, डोळे चांगले आहेत. पण टोचणार नाही. विनाकारण दोनदा टोचलं त्याला."

सल्तनतने सुई घेतली. पन्नास पावलांवर कलकलाट चालू होता. त्या साली तीन हजारांच्या वर जोड्या होत्या. बातिमा वजनकाट्याच्या खोलीत गेली, खिडकीजवळचं स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि दाराकडे न बघता ओरडली, "नळ्या सावलीतून आणा!"